उन्हासमोर

सूर्य पाठीशीं ठेवावा आणि मगच छायाचित्र घ्यावें, हा धडा मी वडिलांपासून शिकलों. म्हणूनच खिडकीपुढें काढलेलें त्यांचें एक चित्र काळवंडून आलें, तेव्हां तें बिघडलें असें समजून मीं पेटींत टाकून दिलें.

परवां एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून उजनीच्या जलाशयावर गेलों. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर वीण आटोपून तपकिरी डोक्याचे कुरव हिवाळ्यांत येथें उतरतात. समुद्राचे हे पाहुणे आम्हां सोलापूरकरांना घरबसल्या भेटतात! सकाळीं कॅमेरा मुद्दाम सूर्याकडे वळविला. त्यांतील प्रकाशमापक आकाशाच्या तेजाला भुलला आणि पक्षी निव्वळ काळे आले. मग चौपट प्रकाश आंत घेतला. आकाश पांढरें पडलें खरें, पण सेकंदाच्या २०००व्या भागांत टिपलेल्या त्या पंखांच्या पिसापिसांतून ऊन झिरपत होतें.

घरीं येऊन पेटी उघडली. त्या चित्रांत वडिलांचा चेहरा दिसत नाहीं. परंतु मानेचा किंचित् बांक आणि कानाच्या पाळींतून आलेलें तांबूस ऊन दुसऱ्या कोणत्याहि चित्रांत नाहीं. तें आज मीं चौकटींत बसविलें.