उत्तरेकडून आलेला 'स'

इंग्रजीच्या वह्या तपासताना सर्वांत जास्त लाल शाई एका 'स'वर सांडते. आय गो, यू गो, वी गो, दे गो; पण ही गोज. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत नियम तोच: कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी आणि काळ साधा वर्तमान असेल, तर क्रियापदाला 'एस' लावा. का लावायचा, हे सहसा कुणी सांगत नाही. मी इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवते. या 'का'चं उत्तर शाळेतच मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी या बाबतीत आपल्या मराठीजवळची होती. प्रेम करणे या अर्थाचं क्रियापद तेव्हा असं चाले: इक लुफिए, थू लुफास्त, हे लुफाथ, वे लुफिआथ. पुढे शब्दांच्या शेवटची आघात नसलेली अक्षरं झिजली आणि त्यांच्याबरोबर प्रत्ययही गेले. एकेरी 'दाऊ' (जुना 'थू') मागे पडून जो तो समोरच्याला 'यू' म्हणू लागला, तेव्हा त्या रूपाचा 'स्ट' गेला. अनेकवचनाचा 'एन' कवी चॉसरच्या लेखनात अजून दिसतो, नंतर तोही नाहीसा झाला. सगळ्या पडझडीतून तृतीय पुरुषी एकवचनाचा एवढा एक प्रत्यय वाचला.

वाचला तोही मूळचा नव्हे. दक्षिण इंग्लंडात 'थ' होता, 'स' उत्तरेतला. दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने लिंडिसफार्नच्या लॅटिन शुभवर्तमानांत ओळींच्या मधल्या जागेत इंग्रजी अर्थ लिहून ठेवला. त्याच्या उत्तरी बोलीत 'थ' आणि 'स' दोन्ही आढळतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मधल्या रीव्हच्या गोष्टीत केंब्रिजचे दोन विद्यार्थी रंगवले. ते दूर उत्तरेकडचे, हे कळावं म्हणून त्याने त्यांच्या तोंडी 'स'ची रूपं घातली. लंडनच्या वाचकाला तेव्हा ती गावंढळ वाटत असणार. चॉसर स्वतः लिहिताना सहसा दक्षिणेतला 'एथ' वापरी.

दोनशे वर्षांत पारडं फिरलं. शेक्सपिअर दोन्ही रूपं वापरतो. 'एथ'मुळे एक अक्षर वाढतं, ते वृत्तात कामाला येतं. १६११च्या राजा जेम्सच्या बायबलने मात्र जुना 'एथ' धरून ठेवला, कारण धर्मग्रंथाला भारदस्त भाषा हवी होती. बोलण्यात तोवर 'स' शिरला होता. रिचर्ड हॉजेसने १६४३मध्ये शुद्धलेखनावर लिहिताना नोंदवलं आहे की लोक लिहितात 'एथ' आणि उच्चारतात 'स'. हॅथ आणि डथ ही दोन रूपं सर्वांत चिवट निघाली.

इंग्लंडात सगळीकडे 'स' रुजला, असंही नाही. पूर्वेकडच्या नॉरिच शहरातल्या बोलीचा पीटर ट्रडगिल यांनी केलेला अभ्यास १९७४मध्ये पुस्तकरूपाने आला. तिथले मध्यमवर्गीय 'शी गोज' म्हणत, तर सर्वांत खालच्या कामगार थरातले लोक रोजच्या बोलण्यात जवळजवळ नेहमीच 'शी गो' म्हणत. त्यांची मातृभाषा इंग्रजीच. म्हणून आपल्याकडच्या मुलाने 'शी गो' लिहिलं की त्याला मठ्ठ ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही, एवढंच खरं.

मुलं आणखी एक प्रश्न हमखास विचारतात: 'ही कॅन'ला 'स' का नाही? त्याचं उत्तर भूतकाळात आहे. इंग्रजी भूतकाळात तृतीय पुरुषाला हा प्रत्यय कधीच नव्हता. मी, तो, ती, सगळ्यांना 'वेंट' एकच. कॅन, मे, शॅल ही मुळात भूतकाळी घडणीची रूपं. अर्थ वर्तमानाचा झाला, घडण जुनीच राहिली. आठवीच्या वर्गात फळ्यावर एका बाजूला 'वेंट' आणि दुसऱ्या बाजूला 'कॅन' लिहून हे समजावलं, की 'ही कॅन्स गो' लिहिणारी मुलं स्वतःहून थबकतात.

मातृभाषा इंग्रजी असलेल्या मुलांनाही हा 'स' उशिराच येतो. रॉजर ब्राउन यांनी अमेरिकेत अशा तीन लहान मुलांच्या बोलण्याचा मागोवा घेतला. १९७३च्या त्यांच्या पुस्तकात इंग्रजीच्या चौदा व्याकरणिक रूपांचा क्रम दिला आहे. कोणतं रूप मुलं आधी आत्मसात करतात, कोणतं नंतर. त्यात हा 'स' दहावा येतो, नियमित भूतकाळाच्या 'एड'च्याही मागून. ज्यांच्या घरात दिवसभर इंग्रजी चालतं त्या मुलांची ही गत. आपण मात्र पाचवीतल्या मुलाकडून तो पहिल्याच घटक चाचणीत मागतो आणि चुकला की अर्धा गुण कापतो. पाचवीच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की पहिलं वर्षभर तो 'स' ऐकू द्या, वाचू द्या, आणि गुण नंतर कापा.