बीपीची गोळी आणि जेवणानंतरची बिडी

धूम्रपान सोडायला सगळ्यात चांगली वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी सांगतो: उच्च रक्तदाबाचं निदान होतं तो आठवडा. त्याआधी बिडीने आपलं काही बिघडवलंय हे माणसाला दिसत नसतं. हार्ट अटॅक किंवा लकव्यानंतर सोडणारे पुष्कळ असतात, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. निदानाच्या वेळी अंगात ताकद असते, कामधंदा चालू असतो आणि मनात पहिल्यांदाच थोडी धास्ती शिरलेली असते. ही धास्ती फार टिकत नाही. गोळी सुरू झाली, पुढच्या महिन्यात वरचा आकडा १३०च्या आत आला की ती विरून जाते. म्हणून बिडी-सिगारेटचा विषय मी पहिल्याच भेटीत काढतो आणि त्याला वेळ देतो.

मी सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करतो. इथे तंबाखूशी लोकांचं नातं दुहेरी आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा माणूस झोप उडवायला बिडी ओढतो, आणि त्याच्याच घरातल्या बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. शहराजवळ कुंभारीला बिडी कामगार महिलांची १० हजार घरांची वसाहत आहे, यावरून या धंद्यावर किती चुली पेटतात याचा अंदाज यावा. त्यामुळे मी त्या कामाबद्दल वाईट बोलत नाही, समोरच्या माणसाच्या रक्तवाहिन्यांबद्दल बोलतो. सोबत आलेल्या वहिनींचंही बीपी मात्र न चुकता पाहतो. दिवसभर तंबाखूची धूळ श्वासातून जाते, हातांच्या कातडीतून निकोटिन शोषलं जातं, आणि बऱ्याच जणी मिश्रीही लावतात. नवऱ्यापेक्षा बायकोचा आकडा जास्त निघणं इथे नवलाचं नाही.

झुरका घेतल्यावर दहाएक सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोचतं. ॲड्रेनालिन सुटतं, नाडी जोरात चालते, रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. साधारण अर्ध्या तासात तो उतरतो. म्हणूनच बीपी मोजण्याआधी अर्धा तास बिडी आणि चहा नको असं आम्ही सांगतो. पण दिवसाला वीस-पंचवीस बिड्या ओढणाऱ्याचा दाब उतरायला दिवसात सवड मिळते कुठे? हा माणूस दवाखान्यात नंबर लावून तासभर बसतो, तिथे ओढता येत नाही, आणि आत येतो तेव्हा त्याचं बीपी जवळपास चांगलं भरतं. तोही खूश, डॉक्टरही खूश. दंडाला चोवीस तास यंत्र बांधलं की कामाच्या वेळचे आकडे दिसतात आणि चित्र पालटतं. धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत मी दवाखान्यातल्या एका आकड्यावर विसंबत नाही. घरी, कामावर, निरनिराळ्या वेळी मोजून आणा म्हणतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बिडी सोडली म्हणजे बीपी बरं होतं, असं नाही. कायमच्या दाबात पडणारा फरक थोडा असतो, आणि सोडल्यावर वजन वाढलं तर तोही झाकला जातो. ही अपेक्षा आधीच मोडली नाही तर महिन्याभराने माणूस म्हणतो, ‘सोडून काय फायदा झाला, आकडा तर तिथंच आहे.’ फायदा दुसरीकडे असतो. वाढलेला दाब रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करतो, धूरही त्याच अस्तराला इजा करतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. दोन्ही एकत्र आले की हृदय आणि मेंदू कचाट्यात सापडतात. औषधावरही परिणाम होतो. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची रक्तदाबाची मोठी चाचणी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रोप्रॅनोलॉल या औषधाने धूम्रपान न करणाऱ्यांमधलं लकव्याचं प्रमाण घटलं, करणाऱ्यांमधलं घटलं नाही. तिथल्याच डॉक्टरांच्या धूम्रपानाचा १९५१पासून मागोवा घेणाऱ्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासाचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४ मध्ये आला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांची सरासरी सुमारे दहा वर्षं गेली होती. पन्नाशीत सोडणाऱ्याला त्यातली सहाएक परत मिळत होती, साठीत सोडणाऱ्याला तीन. ‘आता या वयात सोडून काय करू’ म्हणणाऱ्या काकांना मी ही तीन वर्षं सांगतो. तीन वर्षांत नातू शाळेत जाऊ लागतो.

आता मुख्य प्रश्न, सोडायची कशी. मी ‘का ओढता’ असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर ‘टेन्शन’ हेच येतं आणि गाडी तिथेच अडते. मी एक कोरा कागद देतो. आठवडाभर प्रत्येक बिडीची वेळ, जागा आणि सोबत कोण होतं, एवढंच लिहून आणा. कागद परत आला की दिसतं की वीस बिड्यांमधल्या चार-पाचच खऱ्या अडचणीच्या आहेत. सकाळी संडासला जाण्याआधीची, टपरीवरच्या चहाबरोबरची, पाळीच्या सुट्टीतली, रात्री जेवणानंतरची. बाकीच्या नुसत्या हाताला चाळा म्हणून पेटलेल्या असतात आणि त्या फार कष्ट न पडता सुटतात.

सकाळच्या बिडीची लाज वाटून लोक बोलत नाहीत, पण ती भलतीच चिवट असते. ‘साहेब, त्याशिवाय पोट साफच होत नाही.’ हा मनाचा खेळ नाही, निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल खरोखर वाढते आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी आणि ठरलेल्या वेळी संडासला बसणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. हे आधी सांगितलेलं नसलं तर चौथ्या दिवशी माणूस पोटासाठी पुन्हा बिडी पेटवतो.

चहाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर निकामी करत असतं. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांत मंदावतो. चहा पूर्वीइतकाच, पण कॅफिन रक्तात जास्त वेळ साठून राहतं. मग छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही, चिडचिड. माणसाला वाटतं बिडी सोडल्यामुळेच हे होतंय, घरचेही म्हणतात, ‘ओढा बाबा एक, पण असं वागू नका.’ दिवसाला आठ-दहा कप घेणाऱ्याला मी बिडी सोडायच्या दिवशीच चहा निम्म्यावर आणायला लावतो, आणि संध्याकाळनंतरचा बंद. शिवाय टपरी बदलायची किंवा काही दिवस चहा घरून थर्मासमध्ये न्यायचा. त्याच टपरीवर, त्याच मित्रांत, हातात तोच कप धरून बिडीला नाही म्हणणं फार अवघड असतं. तलफ चार-पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ माणूस दुसरीकडे असला पाहिजे.

निकोटिनच्या च्युइंगगमचा उपयोग होतो, पण ते सुपारीसारखं चघळायचं नसतं. चुरचुरायला लागलं की गालात धरून ठेवायचं, थांबून पुन्हा थोडं चावायचं. नाहीतर उचक्या लागतात, पोटात मळमळतं आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून पाकीट फेकलं जातं. चहाच्या लगोलग घेतलं तर ते नीट शोषलंही जात नाही. ज्यांना बोलायला कुणी हवं असतं त्यांना मी पाकिटावर छापलेला १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत नंबर दाखवतो. तो तिथे असतो हे कित्येकांच्या लक्षातच आलेलं नसतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अदलाबदलीची. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि तंबाखू खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे बिडी सोडणाऱ्याच्या आजूबाजूला पुडीवाले कितीतरी जास्त असतात. ‘बिडी सुटली, डॉक्टर, आता फक्त मावा’ हे वाक्य मी अभिमानाने सांगितलेलं ऐकतो. माव्यातलं निकोटिनही नाडी आणि दाब चढवतंच, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वर. कागदावर म्हणूनच बिडीबरोबर मावा, तंबाखू-चुना, मिश्री यांचाही रकाना असतो.

मिठाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. नवऱ्यासाठी वेगळी अळणी भाजी करायची हा बेत आठवड्यात मोडतो. सगळ्या घराचंच मीठ हळूहळू कमी करावं, जीभ काही आठवड्यांत सरावते. आमच्याकडे कडक भाकरीबरोबर शेंगाची चटणी हवीच, ती हवी तर घरी कमी मिठाची कुटावी. पापडात मीठ असतं आणि पापडखारही, त्यातही सोडियमच. दिवाळीच्या फराळात चकली, शेव, चिवडा हात भरून खाण्याऐवजी चार घास घ्यावेत.

आणि गोळी. ‘एकदा लागली की सुटत नाही’ या भीतीने लोक ती आकडा चांगला आला की बंद करतात. आकडा चांगला आला तो गोळीमुळे, हे मला जवळजवळ प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सुटलेली बिडी परत लागते तेव्हा माणूस दवाखान्यात यायचं टाळतो आणि बीपीची तपासणीही त्यात बुडते. हे मला बिडीपेक्षा जास्त घातक वाटतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवतो: ओढली तरी ठरलेल्या तारखेला यायचं, रागावणार नाही. आलेल्यांशी बोललं की कारण बहुधा एकच निघतं, नेहमीच्या दिवसाबाहेरचा प्रसंग. मित्राच्या मुलाचं लग्न, गावची जत्रा, कुणाच्या तेराव्याला जमलेली भावकी. त्याची तयारी कागदावर नव्हती. मग तोच कागद पुन्हा काढतो, खाली पुढच्या दोन महिन्यांतली लग्नं आणि जत्रा लिहून घेतो, आणि प्रत्येक प्रसंगापुढे त्या दिवशी कुणाशेजारी बसायचं त्याचं नाव त्यांनाच लिहायला लावतो.