लांबच लांब शब्द

कोणाला जुनी नाणी जमविण्याचा नाद असतो, कोणाला पोस्टाची तिकिटे. मला इंग्रजीतील लांबलचक शब्द जमविण्याचा नाद आहे. हा छंद फार स्वस्त. त्याला कपाट लागत नाही, चोराचे भय नाही. एक वही पुरते. जळगावहून धुळ्याला निघालेल्या एस. टी.त शेजारी अबोल निघाला, तर एरंडोल, पारोळे कधी मागे पडले हेही कळत नाही.

मराठी माणसाचे इंग्रजीशी नाते जडते ते स्पेलिंगपासून. आपल्याकडे एकदा बाराखडी बसली की कोणताही शब्द वाचता येतो. इंग्रजीत तो सरळपणा नाही. म्हणून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्यांनी अक्षरे, उच्चार आणि अर्थ हे त्रिकूट एका दमात घोकले. मात्र अशा घोकंपट्टीचा एक फायदा होतो. अक्षरे सुटी सुटी पाठ केली की ती सुटी दिसूही लागतात, आणि मग त्यांच्या नाना खोड्या ध्यानात येतात.

इंग्रजीचे स्वर पाच : ए, ई, आय, ओ, यू. 'फसीशस' या शब्दात हे पाचही स्वर नेमक्या याच क्रमाने, एकेकदाच येतात. अर्थ : नको तेथे थट्टा करणारा. 'अ‍ॅब्स्टीमियस' या शब्दातही तीच रांग. अर्थ मात्र मिताहारी, खाण्यापिण्यात संयम राखणारा. चेष्टेखोर आणि व्रतस्थ असे दोघे एकाच पंक्तीला बसलेले पाहून कोणाला हसू येणार नाही? 'सबकॉन्टिनेन्टल', म्हणजे उपखंडासंबंधीचा, या शब्दात हीच रांग उलटी लागते : यू, ओ, आय, ई, ए. साहेबाच्या स्वरांनी आमच्या उपखंडात पाऊल टाकताच उलटे चालू लागावे, ही योगायोगाची कमालच म्हटली पाहिजे! 'स्ट्रेंग्थलेसनेस' म्हणजे बलहीनता. अक्षरे सोळा, पण स्वर एकच, तीनदा आलेला ई. 'इंडिव्हिजिबिलिटी' म्हणजे अविभाज्यता. शेवटचा वाय सोडला तर तिच्यात सहा वेळा आय, दुसरा स्वर नाही. देवनागरीत उतरविताच ही सारी मौज नाहीशी होते, म्हणून वाचकांनी हे शब्द एकदा रोमन लिपीत मांडून पाहावेत.

काही शब्दांत पाचही स्वर एकेकदा येतात, पण क्रम मोडून. 'रेग्युलेशन', 'ऑक्शन्ड' आणि 'एज्युकेशन' हे असे तिघे भाऊ. पहिल्याचा अर्थ कायदा, दुसऱ्याचा लिलावात काढलेले, तिसऱ्याचा शिक्षण. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला, आणि पुढे हे तिन्ही अर्थ येथल्या माणसाला भेटले. कचेरीत कायदा, थकबाकीदाराच्या दारी लिलाव, आणि गावच्या शाळेत शिक्षण. स्वर तेच; पण कोणाच्या वाट्याला कोणता शब्द आला, यावर घराचे दैव ठरले.

माझ्या संग्रहाचा राजा मात्र निराळाच आहे : 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'. अक्षरे एकोणतीस. इंग्रज कवी विल्यम शेनस्टन याने १७४१ साली तो एका पत्रात वापरला. क्षुल्लकपणा दाखविणारे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून तो बनविला आहे. त्यांत एकाचा मूळ अर्थ लोकरीचा पुंजका, एकाचा केस, एकाचा 'काहीच नाही'. सगळ्यांचा मिळून अर्थ : एखादी गोष्ट कवडीमोल ठरविणे. इंग्रजीत सर्वांत अधिक वापरला जाणारा ई या शब्दात एकदाही नाही; आय मात्र नऊ वेळा आहे. आणि इंग्रजीत एकटा आय म्हणजे 'मी'! दुसऱ्याला कवडीमोल ठरवावयाचे तर इतके 'मी' लागावेत, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

कारण हा शब्द आम्हां खानदेशी लोकांनी पाठ न करताच आचरणात आणला आहे. धुळ्याकडच्या अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. एक स्वर बदलला की लिंग बदलते. कोणत्याही शब्दकोड्यात शोभावी अशी ही जोडी. जळगावकडच्या बोलीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, फळाचे फय. पण वर्गात 'डोया' म्हणणाऱ्या पोराला हशा सोसावा लागतो, आणि स्पेलिंग बिनचूक सांगणाऱ्याला शाबासकी मिळते. घरी आल्यावर तेच पोर आईच्या बोलण्याला हसू लागते.

आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या वारल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तेव्हा कोठे जाणत्यांना कळले, की डोया म्हणणाऱ्या बाईला दिसले ते कित्येक पदवीधरांना दिसले नव्हते. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर आता अक्षरे न शिकलेल्या बाईचे नाव असते.

लांब शब्दांवरचे माझे प्रेम यामुळे तिळभरही कमी झालेले नाही. अक्षरांचा खेळ निरागस असतो. दोष असलाच तर लांबीवरून मोल ठरविणाऱ्या आमच्या नजरेचा. म्हणून हल्ली माझ्या वहीत एकोणतीस अक्षरांच्या त्या राजाशेजारी, त्याच शाईने, 'आंडेर' लिहिलेले आहे.