आड, नळ आणि एंटर

आमच्या नातेवाइकांत माझ्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. मी बँकेत आहे, बँकेत कॉम्प्युटर आहेत, म्हणजे मला कॉम्प्युटर कळत असणारच! वास्तविक मी बी.कॉम. आहे, म्हणजे मला हिशेबसुद्धा पुरता कळत नाही. पण हे कोणी लक्षात घेत नाही आणि आपण होऊन सांगण्याइतका मी प्रामाणिक नाही.

या कीर्तीला पहिला तडा गेला २०१५ साली. त्या वर्षी माझ्यावर दोन आपत्ती कोसळल्या. नांदेडहून लातूरला बदली झाली आणि आमच्या बँकेत नवे सॉफ्टवेअर आले. (बँकेचे नाव सांगत नाही. पगार अजून तिथूनच होतो.) बदलीवर उपाय होता. सोमवारी पहाटेची एस.टी. धरायची आणि लोहा, अहमदपूर, चाकूर अशी डुलक्यांची स्टेशने घेत लातूर गाठायचे. सॉफ्टवेअरवर उपाय नव्हता.

जुने सॉफ्टवेअर म्हणजे घरचा आड होता. ते शाखेतल्या यंत्रांतच मुक्कामाला असे. कोपऱ्यातल्या खोलीत त्याचा सर्व्हर होता आणि शाखेतला एकुलता एक ए.सी. त्या सर्व्हरला होता; आम्हाला पंखे. पडद्यावर करड्या खिडक्या, करडी बटणे. सौंदर्य म्हणाल तर पाणीपट्टीच्या पावतीइतके. पण बोट टेकले की उत्तर हजर!

आमचे हेडकॅशियर, ज्यांना सारी शाखा अण्णा म्हणे, ते या आडावरचे पट्टीचे शेंदणारे. खाते नंबर, एंटर, रक्कम, एंटर. त्यांची बोटे तबलजीसारखी चालत आणि तबलजीसारखेच तेही आपल्या बोटांकडे पाहत नसत. पडद्याकडेही नाही. पाहत ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक म्हातारी पेन्शन काढायला आली. मागे तिचा मुलगा खांद्याला खांदा लावून उभा. अण्णांनी दोन क्षण म्हातारीकडे पाहिले आणि म्हणाले, "आज कॅश संपली, मावशी. उद्या या. एकट्या या." पेटीत कॅश होती, हे मला दिसत होते. का संपली, ते मला दुसऱ्या दिवशी म्हातारी पदराने डोळे पुसत आली तेव्हा कळले.

नवे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडे. निळे-पांढरे पान, गोल कोपऱ्यांची बटणे, वर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो. इतके हसरे कुटुंब आमच्या शाखेत कधी आले नाही.

पहिल्या दिवशी अण्णांनी खाते नंबर घालून एंटर मारले. आडाच्या राज्यात एंटर म्हणजे 'पुढच्या रकान्यात चला'. इथे एंटर म्हणजे 'अर्ज भरून झाला, पाठवा'. अर्धा अर्ज गेला आणि लाल अक्षरांत फटकारे खाऊन परत आला. अण्णांनी चूक खोडायला बॅकस्पेस दाबले. पण टिचकी रकान्याबाहेर पडलेली होती. अक्षर खोडले गेले नाहीच, उलट अख्खे मागचे पान उघडले. मी मदतीला धावलो आणि टॅलीच्या सवयीने एफ-५ दाबले. आमच्याकडे कॉमर्सच्या पदवीधराला टॅलीचा क्लास झाल्याशिवाय मुलगीसुद्धा दाखवत नाहीत. टॅलीत एफ-५ म्हणजे पेमेंट व्हाउचर. ब्राउझरमध्ये एफ-५ म्हणजे 'हे पान टाका, नवे आणा'. भरलेले होते नव्हते ते सगळे गेले. अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी उंदीर हातात घेतला आणि त्या दिवसापासून ते पडद्याकडे पाहू लागले.

दिवाळीत हिंजवडीचा भाचा आला, तेव्हा मी त्याला फराळाआधीच धरले.

"मामा," तो म्हणाला, "डेस्कटॉपच्या प्रोग्रॅमला बटण लागले की तो थेट यंत्राच्या सिस्टिमकडे मागतो. बटण घडवून तयार असते. कीबोर्डने ते कसे चालायचे, तेही ठरलेले असते. लिनक्सवाल्यांचे जीटीके घ्या, नॉर्वेत जन्मलेले क्यूटी घ्या, हे सगळे अशी घडीव बटणे पुरवणारे कारखाने. वेबचे तसे नाही. टिम बर्नर्स-लीने १९८९ साली सर्नमध्ये ती कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सापडावेत, वाचता यावेत म्हणून. ते मुळात वाचायचे पान."

"आणि त्या वाचायच्या पानावर तुम्ही आमची बँक मांडलीत!"

"मांडली. म्हणून तर फ्रेमवर्क आली. २०१३ साली फेसबुकने रिअ‍ॅक्ट बाहेर काढले. ते पानाची एक प्रत मनात ठेवते, काय बदलले ते ताडून पाहते आणि तेवढेच पुन्हा रंगवते."

ही युक्ती मात्र मला पटली. आमच्या घरीही दिवाळीला पाहुणे बसतात तेवढीच भिंत रंगवतात.

"मग घरचा आडच काय वाईट होता?"

"मामा, जुन्यात काही बदल करायचा झाला की काय व्हायचे?"

मी आठवून सांगितले. संभाजीनगरहून, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेहून, इंजिनिअर सीडी घेऊन यायचा. दहा यंत्रे, दोन दिवस आणि मटणाची दोन जेवणे.

"नळाला ते लागत नाही. एका ठिकाणी बदलले की सकाळी सगळ्या शाखांत. विंडोज असो, लिनक्स असो, मोबाईल असो."

"दोन्हीचे सुख देणारे काही नाही का?"

"आहे की, इलेक्ट्रॉन. दिसायला डेस्कटॉपचा प्रोग्रॅम, पण पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरतो. म्हणून मेमरीही तशीच खातो."

म्हणजे 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी लावलेली खानावळ! मी हे त्याला सांगितले नाही. तो खानावळीतच जेवतो.

नळाची गोष्ट लातूरकराला वेगळी समजवावी लागत नाही. पुढच्याच एप्रिलात, म्हणजे २०१६ साली, मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. गावातले आड केव्हाच आटले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण त्या उन्हाळ्यात आम्ही शब्दशः जगलो. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून आलेल्या पाण्याला कोणी नावे ठेवली नाहीत. घागरी भरल्या.

त्याच उन्हाळ्यातल्या एका दुपारी काउंटरवर अहमदपूरकडचे एक बाबा आले. सून लातूरला दवाखान्यात होती आणि दहा हजार भरायचे होते. पडद्यावर गोल फिरू लागला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. बाबांनी वाकून विचारले, "गोल गोल काय फिरायलंय ओ साहेब?"

"पैसे यायलेत, बाबा."

"लई लांबून यायलेत का?"

अण्णा माझ्याकडे वळून पुटपुटले, "जुन्यावर अर्ध्या मिनिटात देऊन मोकळा झालो असतो." मलाही तसेच वाटत होते. मग मी पासबुक उलटून पाहिले. खाते नांदेडचे! मुलगा तिथे मोंढ्यात हमाली करत असल्यामुळे तिथेच काढलेले. जुने सॉफ्टवेअर आपल्या शाखेबाहेरचे खाते ओळखतच नव्हते. त्याने अर्ध्या मिनिटात एकच उत्तर दिले असते: नाही. मग या माणसाला त्या उन्हात एस.टी.ने नांदेड गाठावे लागले असते आणि परत यावे लागले असते. तोवर दवाखाना थांबला असता का, मला ठाऊक नाही.

मी पासबुक अण्णांपुढे ठेवले. त्यांनी ते पाहिले आणि नंतर नळाबद्दल तक्रार केली नाही. चाळिसाव्या मिनिटाला गोल थांबला. अण्णांनी नोटा दोनदा मोजून दिल्या आणि विचारले, "बाबा, जेवलाव का?" मग डब्यातली एक भाकरी कागदात बांधून दिली.

त्याच वर्षी अण्णा निवृत्त झाले. पुढे मीही परत नांदेडला आलो. आमचे 'कुठेही चालणारे' सॉफ्टवेअर प्रत्यक्षात फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायचे. नळ सार्वजनिक, पण हंडा एकाच दुकानचा! १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो हंडाच मोडीत काढला, तेव्हा मुख्य कार्यालयाला जाग आली. नवे पडदे करायचे ठरले आणि सूचना मागवणारे परिपत्रक निघाले. कोणी रंग सुचवला, कोणी ए.सी. मागितला. मी भाच्याला फोन केला.

"वेबवर एंटरने पुढच्या रकान्यात जाता येते का रे?"

"येते की! ब्राउझरला तसे सांगावे लागते, एवढेच. तुमच्याकडे कोणी विचारलेच नसेल, मामा."

म्हणजे सात वर्षे दोष आडाचा नव्हता आणि नळाचाही नव्हता. नळ बसवणाऱ्याने पाणी भरणारीला विचारले नव्हते, हंडा कमरेवर घेतेस की डोक्यावर? मी सूचनेत एकच ओळ लिहिली. ती माझ्यामुळे मानली गेली की आणखी शंभर कारकुनांनी तेच लिहिले होते, कोण जाणे. पण नव्या पडद्यावर एंटर पुढे जाऊ लागले.

गेल्या महिन्यात अण्णा नांदेडला मुलीकडे आले होते. पैसे काढायला आमच्या शाखेत आले आणि काउंटरच्या पलीकडच्या बाजूला रांगेत उभे राहिले. हात थोडा कापत होता. पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, मुलाबाळांचा नाही.

"एंटर पुढं जायलंय का?"

"जायलंय, अण्णा."

"मग पडद्याकडं काय बघायलास? माझ्याकडं बघ की."

मी बघितले. अण्णांच्या मागे कोणी उभे नव्हते. ते एकटेच आले होते.