मैलूरची आगटी, बंगळुरूचा ओव्हन

दरवर्षी डिसेंबरमध्ये आमच्या घरी मैलूरहून काकूंचा फोन येतो. "ढाळा आलाय, तुरीच्या शेंगा भरल्यात. कधी येताय?" एवढंच बोलतात आणि ठेवतात. गेल्या वर्षी मात्र त्यांनी एक वाक्य जास्तीचं जोडलं. "या वेळी कागदाचंही बघून जा."

कागद म्हणजे पहाणी. महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, त्याला आमच्या भागात पहाणी म्हणतात. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी माझं नाव लागलं होतं. काका आणि बाबा मिळून दोन एकर रान. त्याचं पुढं काय करायचं, हे आता ठरवायचं होतं. लेक नववीत, शाळेला नाताळची सुटी होती. तिलाही बरोबर घेतलं.

बंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं कलबुर्गी आणि तिथून सकाळच्या गाडीनं बिदर. बिदर-कलबुर्गी हा सुमारे 110 किलोमीटरचा लोहमार्ग 2017 साली सुरू झाला. माझ्या लहानपणी हाच प्रवास एसटीनं हुमनाबादवरून धक्के खात व्हायचा. आता खिडकीशी बसलं की कलबुर्गी सोडल्यापासून दोन्ही बाजूंना तूरच तूर दिसते. गुलबर्गा तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच. मध्ये कमलापूर लागतं, तिथली लाल केळी प्रसिद्ध. मग गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि बिदरचं पठार जवळ येऊ लागतं.

मैलूर बिदर शहराला अगदी लागून आहे. खंडोबाचं मैलार वेगळं, ते भालकी तालुक्यात खानापूरजवळ. आमच्या मैलूरला "गाव" म्हणावं की "बिदरचा भाग", यावर घरात दोन मतं आहेत. काकूंच्या मते गाव. त्यांच्या नातवाच्या मते शहर, कारण पिझ्झा घरपोच येतो.

लेकीनं गाडीतच विचारलं होतं, "आपण मराठी, मग आपलं गाव कर्नाटकात कसं?" आपल्या मंडळातल्या बहुतेक मुलांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. तिला सांगितलं, गाव हललं नाही, रेघा हलल्या. बिदर आधी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची भाषेनुसार फेररचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले, ज्याचं नाव 1973 मध्ये कर्नाटक झालं. आजोबांनी एकाच ओसरीवर बसून हे सगळे बदल पाहिले. आत्या उदगीरला दिलेली, ती एका रात्रीत "परराज्यात" गेली. पण येळवशीला भज्जी दोन्हीकडे तशीच होत राहिली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिवकडे आणि आमच्याकडे त्या दिवशी सगळं गाव रानात जेवायला जातं. ओल्या तुरीचे दाणे, पावटा, हरभऱ्याचा सोलाणा, वांगी, गाजर, मेथी असं त्या दिवसांत जे जे हिरवं मिळेल, ते सगळं एका भांड्यात घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि अंबील. पिकावर नैवेद्य शिंपडतात, त्याला कन्नड शेजारी चरग म्हणतात. आम्ही पोचलो तेव्हा येळवस होऊन गेली होती. पण भज्जीपेक्षा मला ज्याची ओढ, ते अजून रानात शिल्लक होतं. ते म्हणजे आगटीत भाजलेलं हिरवं.

बिदरच्या पठारावर लाल माती आणि जांभा दगड, उताराखाली काळी जमीन. आमचं रान उताराला आहे. दादानं, म्हणजे चुलत भावानं, वीतभर खोल खड्डा केला. त्यात गोवऱ्या आणि गेल्या सालच्या वाळक्या तुराट्या पेटवल्या. लेकीला गंमत वाटली, तुरीच्याच काड्यांवर तुरीच्या शेंगा भाजायच्या! जाळ मोठा झाल्यावर तिनं शेंगा टाकायला हात पुढे केला, तशा काकू म्हणाल्या, "थांब गं. जाळावर भाजत नाहीत, आरावर भाजतात. जाळ वरून काळं करतो, आत कच्चंच राहतं."

आर म्हणजे निखारे. जाळ बसला, वर राखेचा पातळ थर आला, मग शेंगा पडल्या. त्याही ढिगानं नाही, पसरून. "एकावर एक टाकल्या की घाम येतो त्यांना. मग त्या भाजत नाहीत, शिजतात." काठीनं दोन-तीनदा उलटल्या. सालींवर काळे ठिपके पडले, तसं त्या बाहेर काढून पोत्यात गुंडाळून ठेवल्या. पाच मिनिटांनी उघडलं तर शेंगेची साल कोळशासारखी आणि आत दाणे हिरवेगार, मऊ, धुराचा वास लागलेले. शेंग हेच भांडं. बाहेरून भाजते आणि आत दाणा स्वतःच्या वाफेवर शिजतो.

मग ढाळा, म्हणजे घाट्यांसकट उपटलेला हरभरा. तो धुवायचा नसतो. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते, बोटं चाटली तर आंबट-खारट लागते. तेच त्याचं मीठ. शेवटी ज्वारीची कणसं. चिमटीत दाणा दाबला की दूध दिसावं पण वाहू नये, तेव्हाच तो हुरड्याचा. आठवडाभर उशीर झाला की दाणा कडक. कणीस भाजून तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. शेजारच्या रानातली बाई हसत म्हणाली, "सीतनी तिन्री!" लेकीला शाळेतलं कन्नड येतं, पण हा शब्द नवा होता. हुरड्याला तिकडे सीतनी म्हणतात. त्या बाईला आम्ही हुरडा शब्द दिला, तर ती म्हणाली, तो तिला केव्हाचा माहीत आहे.

बरोबर कडक भाकरी, करडईचं तेल घातलेली कारळाची चटणी आणि आगटीच्या कडेला भाजलेलं वांगं. पोट भरल्यावर दादानं विषय काढला. शेजारच्या रानात सिमेंटचे खांब उभे होते, प्लॉट पडले होते. आमच्या रस्त्याकडच्या एकराला भाव आला होता.

मी लगेच म्हणाले, "नको दादा. विकायचं नाही. बाबांची जमीन आहे."

कुणी काही बोललं नाही. मग काकू राखेत काठी फिरवत म्हणाल्या, "पोरी, तू वर्षातून दोन दिवस येतेस. शेंगा भाजलेल्या खातेस. त्या तोडतं कोण? मला चौऱ्याहत्तरावं लागलंय. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी शेंगांच्या भावापेक्षा जास्त. रात्री रानडुकरं येतात, दादा जागतो. तू म्हणतेस ठेवा. आम्हीच ठेवायचं ना?"

रागानं नाही बोलल्या त्या. म्हणूनच लागलं. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये बसून मला ते रान जसंच्या तसं हवं होतं. त्याची किंमत मात्र त्यांनी मोजायची होती. परतताना गाडीत हुरड्याचे फोटो बघायला मिळावेत, एवढ्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला उन्हात वाकायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी सही करायला तयार झाले. रस्त्याकडचा एकर विकायचा. विहिरीकडचा एकर ठेवायचा आणि शेजाऱ्याला बटईनं द्यायचा. काकूंनी बटईत एकच अट घातली. बांधाकडच्या तुरीच्या चार ओळी आपल्या. "त्या मी तोडणार. जमेल तितक्या."

निघताना त्यांनी पिशवीभर शेंगा दिल्या. घरी आल्यावर लेकीनं हट्ट धरला, "आगटी नाही, पण ओव्हन आहे ना?" पहिल्या दिवशी आमचं चुकलंच. सगळ्या शेंगा एकाच ट्रेमध्ये दाटीनं भरल्या, त्याही धुऊन ओल्याच. वीस मिनिटांनी बाहेर आल्या त्या उकडलेल्या, करड्या, लिबलिबीत. लेक म्हणाली, "आई, घाम आला त्यांना." दुसऱ्या दिवशी काकूंचे दोन्ही नियम पाळले आणि जमलं. आता आमच्याकडे हे आठवड्याचं तोंडीलावणं झालंय, म्हणून तुमच्यासाठी सांगते.

ओव्हन 220 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. ही झाली आराची तयारी. पाव किलो तुरीच्या किंवा मटाराच्या शेंगा सालीसकट घ्या, धुऊन कापडानं कोरड्या पुसा. बाजारातला हरभराही धुवाच, फवारणीचा भरवसा नाही, आंब गेली तरी चालेल. चमचाभर तेल चोळा. ट्रेमध्ये एकच थर, शेंगेला शेंग न चिकटता. बारा ते पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. काढल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवा, हे आपलं पोतं. भेंडी, फरसबी, गवार, ब्रोकोली अशीच भाजता येते, पण ती झाकू नका आणि वेळ थोडा वाढवा. मिरचीला चीर द्या आणि वांग्याला टोचे मारा, नाहीतर फुटतात. मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं. लिंबूही ताटात वाढतानाच पिळा, आंबटानं हिरवा रंग मळतो. वर कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी भुरभुरवा.

लेकीनं या सगळ्याचं कारण पुस्तकात शोधलं. पाणी आहे तोवर भाजीच्या अंगाचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. अंग कोरडं झालं की ते चढतं आणि साधारण 140 अंशांच्या पुढं ते तपकिरी ठिपके आणि तो खमंग वास झपाट्यानं येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. इंग्रजी स्पेलिंग वाचून लेक ओरडली, "आई, मैलूर रिअॅक्शन!" तिनं ताबडतोब काकूंना फोन लावला आणि समजावून सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे पसरून टाकायच्या, हेच ना?"

धुराचा वास ओव्हनमध्ये येत नाही. तो आणायची खटपट मी सोडून दिलीय. तो मैलूरलाच राहू दे.

या डिसेंबरात पुन्हा फोन आला. विकलेल्या एकरावर खांब लागलेत. चार ओळींपैकी दोन काकूंनी तोडल्या, दोन राहिल्यात. "माझ्यानं नाही झाल्या," म्हणाल्या. लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. "आजी, त्या तशाच राहू द्या. शनिवारी आम्ही येतोय तोडायला."