माऊस आणि मोडेमचं भांडण

जुन्या कॉम्प्युटरला नवा पार्ट जोडला आणि काही बंद पडलं, की लोक लगेच पार्टला नाहीतर मशीनला नावं ठेवतात. दोघंही धडधाकट असू शकतात.

1999 ची गोष्ट. भाईजान नोकरीसाठी दुबईला गेले, म्हणून देहूरोडच्या घरातल्या सेकंडहँड पेंटियममध्ये आम्ही ईमेलसाठी मोडेम बसवला. फोन लागला, की माऊस जागीच थिजायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवीन मशीन घ्या." अब्बांच्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. अम्मी रोज विचारायची, भाईजानचं काही आलं का?

प्रोसेसरला हाक मारायला त्या मशीनमध्ये 0 ते 15 अशा सोळाच आयआरक्यू लाइनी. माऊस कॉम 1 वर, मोडेम कॉम 3 वर. नावं वेगळी, पण दोघांची लाइन एकच, 4 नंबरची. बायोसमध्ये रिकामं कॉम 2 बंद केलं आणि मोडेमचा जंपर त्या जागेवर लावला. त्याला 3 नंबर मिळाला. खर्च शून्य. त्या रात्री अम्मीने भाईजानचा मेल तीनदा वाचून घेतला.

घरात, मोहल्ल्यात दोघांचं बिनसलं, की आपण आधी वाईट कोण ते शोधतो. दोघांना एकाच लाइनीवर कुणी बसवलं, हे क्वचितच विचारतो.