आपलं टोंगा कोण?

परवा रात्री भाचा नाशिकहून परत आला. विभागीय शालेय फुटबॉल स्पर्धेला गेला होता, गोलकीपर म्हणून. एसटीतून उतरला, बॅग माझ्या हातात दिली आणि स्टँडपासून घरापर्यंत गाडीवर मागे बसून एक शब्द बोलला नाही. ताईने खिचडी करून ठेवली होती, तीही तशीच राहिली. झोपायच्या आधी एवढंच म्हणाला, "मामा, अकरा गोल खाल्ले मी."

अकरा-शून्य. पहिलाच सामना, आणि तिथूनच घरी.

मी आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. "अरे, हरणं-जिंकणं महत्त्वाचं नसतं, खेळणं महत्त्वाचं." त्यावर भिंतीकडे तोंड करून साहेब म्हणाले, "हे फक्त हरलेल्यालाच सांगतात."

घ्या! तेरा वर्षांच्या पोराने मामाची बोलती बंद केली. आणि खोटं काय बोलला? अकरा-शून्यने जिंकलेल्या पोरांना कुणी जाऊन सांगितलं असेल का, की बाळांनो, जिंकणं महत्त्वाचं नसतं?

हे फुटबॉलचं वेड आलं कुठून तेही सांगतो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्रभरच्या शाळांमधून एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. आमचा हिरो तेव्हा बालवाडीत होता. मोठी मुलं चेंडूमागे धावताना पाहिली आणि पोरगं बिघडलं ते बिघडलंच. आमच्या नंदुरबारात मैदान म्हणजे माती आणि खडे. त्यावर गोलकीपरने झेप घ्यायची म्हणजे कोपर सोलून घ्यायचं. याने दोन्ही कोपरं सोलून घेतली आहेत.

रात्री मला काही झोप येईना. आणि पडल्या पडल्या एक माणूस आठवला. निकी सालापू.

सकाळी चहाच्या वेळी भाच्याला विचारलं, "एका आंतरराष्ट्रीय सामन्यात जास्तीत जास्त किती गोल खाल्लेत कुणी, माहितीये?" उत्तर नाही. म्हटलं, "एकतीस." मान जराशी वळली.

तर मंडळी, गोष्ट अशी. पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाची बेटं आहेत. लोकवस्ती साठ हजारांच्या आत. आता २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार शहराचीच १ लाख ११ हजार होती, म्हणजे निम्मं नंदुरबार म्हणा. ११ एप्रिल २००१ ला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांची गाठ पडली ऑस्ट्रेलियाशी. पासपोर्टच्या नियमांत नेहमीचे खेळाडू अडकले, आणि संघ भरला गेला कोवळ्या पोरांनी, काही तर पंधरा वर्षांचे. जुन्यांपैकी उरला एकटा गोलकीपर, सालापू. निकाल ३१-०. आर्ची थॉम्पसन नावाच्या एकट्या गड्याने तेरा गोल मारले. गंमत म्हणजे गोलफलकावर आधी ३२ दाखवले होते, मग मोजणी तपासून एक कमी केला.

"म्हणजे मोजणारासुद्धा दमला!" भाचा म्हणाला. आणि परवापासून पहिल्यांदा हसला.

मग मी पुढचं सांगितलं. सालापू नंतर अमेरिकेत राहायला गेला, पण ते एकतीस गोल काही त्याची पाठ सोडेनात. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, तो पुन्हा आपल्या संघाच्या गोलमध्ये उभा राहिला. २२ नोव्हेंबरला शेजारच्या सामोआत, आपिया शहरात, अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ ने हरवलं. फिफाच्या सामन्यांमधला त्यांचा हा पहिलाच विजय. गोलकीपर तोच.

मला वाटलं, झालं. छान शेवट, पोरगं खूष, आता दप्तर उचलून शाळेत जाईल. पण नाही.

"मग ऑस्ट्रेलियाला हरवलं का त्यांनी?"

"नाही रे. टोंगाला."

"टोंगा केवढं आहे?"

"लाखभर वस्ती असेल. नंदुरबार शहराएवढं."

त्याने बिस्कीट चहात बुडवलं, ते विरघळून पडलं तरी लक्ष नाही. मग म्हणाला, "मामा, आपलं टोंगा कोण?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आपला चिकाटी, जिद्द वगैरे सांगत बसलो होतो. पण चिकाटी ठेवून ठेवून सालापू ऑस्ट्रेलियाशीच खेळत राहिला असता, तर त्याच्या नावावर फक्त आणखी गोल चढले असते. त्याची सुटका झाली कारण जवळपास त्याच्याच मापाचं कुणीतरी समोर होतं. जिथे आपण हरू शकतो आणि जिंकूही शकतो, असा सामना त्याला मिळाला.

त्या बेटांच्या फुटबॉलची सगळी कथा मला आता तशीच दिसते. त्यांची एक स्पर्धा आहे, ओशनिया नेशन्स कप. पहिली १९७३ मध्ये ऑकलंडला झाली. २००४ पर्यंत सात वेळा झाली आणि सातही वेळा चषक न्यूझीलंडने नाहीतर ऑस्ट्रेलियाने नेला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया तगडे प्रतिस्पर्धी हवेत म्हणून आशियाच्या गटात निघून गेलं. मोठ्यांना बरोबरीचे लोक शोधत जाता येतं. छोट्यांनी कुठे जायचं?

२०१२ ची स्पर्धा सॉलोमन बेटांवर, होनियारात झाली. दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकात एकही सामना न हरलेल्या न्यूझीलंडला उपांत्य फेरीत न्यू कॅलेडोनियाने २-० ने घरी पाठवलं. अंतिम सामन्यात ताहितीने न्यू कॅलेडोनियाला १-० ने हरवलं. ताहितीच्या त्या संघात तेहाऊ घराण्याचे चौघे होते, तीन सख्खे भाऊ आणि एक चुलतभाऊ. सामोआविरुद्धच्या दहा गोलांपैकी नऊ या चौघांचेच! गणपतीत वाड्यातली पोरं मिळून संघ काढतात ना, तसं. ताहिती ज्यात येतं त्या सगळ्या फ्रेंच पॉलिनेशियाची वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास. एकटा आपला जिल्हा साडेसोळा लाखांचा आहे, बरं का.

त्या चषकामुळे ताहिती २०१३ च्या कॉन्फेडरेशन्स कपला ब्राझीलमध्ये गेलं. तिथे काय झालं? नायजेरियाकडून ६-१, स्पेनकडून १०-०, उरुग्वेकडून ८-०. चोवीस गोल खाल्ले, एक मारला. तो एक गोल झाल्यावर खेळाडूंनी मैदानात ओळीने बसून होडी वल्हवल्याचा अभिनय केला. माराकानावर स्पेनच्या टोरेसची पेनल्टी दांड्यावर आदळली तर ब्राझीलच्या प्रेक्षकांनी ताहितीच जिंकल्यासारखा जल्लोष केला.

दहा-शून्य आणि अकरा-शून्य, फरक एका गोलाचा. मग ती माणसं होडी वल्हवत होती आणि आमचं पोरगं भिंतीकडे तोंड करून का झोपलं? मला वाटतं, ताहितीचे लोक आधी कुठेतरी जिंकून आले होते. आपल्या समुद्रात आपण कोण आहोत हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या पोरांचं तसं काहीच झालेलं नाही. जिल्ह्यात दोन-तीन सामने, तेही वर्षातून एकदा, आणि तिथून थेट बारा महिने सराव करणाऱ्यांसमोर. मधली पायरीच नाही. पाय घसरणारच.

आणि मधली पायरी मिळाली की छोटेही वाढतात. २०२३ मध्ये भुवनेश्वरला वानुआतूचा संघ आला होता. सव्वातीन लाखांचा तो देश, आणि आपल्याला गोल मिळाला तो ८१ व्या मिनिटाला, छेत्रीचा. पुढच्याच वर्षी वानुआतू ओशनियाच्या अंतिम सामन्यात पोचलं. न्यूझीलंडकडून ३-० ने हरलं, पण पोचलं.

असो. फार लांबलं. सांगायचं एवढंच की त्या संध्याकाळी मी शहाद्याला आणि नवापूरला ओळखीच्या मास्तरांना फोन केले. चार शाळा, महिन्यातून एक रविवार, चषक नको, भाषणं नकोत, फक्त सामने. शहाद्याचे मास्तर लगेच हो म्हणाले. नवापूरचे म्हणाले, गाडीभाड्याचं बघतो. होईल का? माहीत नाही. असले बेत मी आधीही केलेत, आणि ताईला विचाराल तर त्यातले किती तडीस गेले ते ती बोटांवर मोजून सांगेल, एका हाताच्या.

पण काल शाळा सुटल्यावर मिरचीच्या पथारीकडून येताना मैदानाजवळ थांबलो, तर भाचा गोलमध्ये उभा. एकटाच. एक छोटा पोरगा लांबून चेंडू मारत होता. मला पाहून ओरडला, "मामा, शहाद्याची टीम कशी आहे?"

म्हटलं, "आपल्यासारखीच असेल रे."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि पुन्हा कोपरावर पडला.

तळोदा-अक्कलकुव्याकडे कुणाचं पोरगं खेळत असेल तर जरूर कळवा. एक टोंगा अजून कमी पडतंय.